कागदावरचा सिनेमा : कोल्हापुरात राहून पहिली फिल्म बांधताना

पहिली फिल्म करायला निघालेल्या मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा असतो. कुठला घ्यायचा, भाडं किती, लेन्स कुठल्या. मी त्यांना सांगते, हा विषय आपण पटकथेचा तिसरा ड्राफ्ट होईपर्यंत काढायचाच नाही.

मी मंगळवार पेठेत राहते. माझी उमेदीची वर्षं मराठी चित्रपटांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून गेली. शेड्यूल लावणं हे माझं मुख्य काम. आता सेटवर जाणं कमी केलंय आणि रविवारी सकाळी घरी पटकथा वाचायला बसते. कागल, गडहिंग्लज, शिरोळ, इचलकरंजी, पन्हाळ्याच्या पायथ्याची गावं, अशी कुठून कुठून मुलं-मुली वह्या घेऊन येतात. त्यांच्याशी जे बोलणं होतं, तेच इथं लिहिते आहे.

सेटवर एक सीन दुरुस्त करायचा म्हणजे तीस-चाळीस माणसं, जनरेटर, गाड्या, जेवणाची पंगत, सगळं थांबवून ठेवायचं. तोच सीन कागदावर एका संध्याकाळी दुरुस्त होतो. ज्या फिल्मकडे मोठा निर्माता नाही, नावाजलेला चेहरा नाही, तिच्याकडे वेळ तेवढा भरपूर असतो. तो कागदावर खर्च करा. आणि तुमच्या गोष्टीत असं काय आहे जे फक्त इथंच घडू शकतं, ते आधी शोधा. एकदा सापडलं की शेवटपर्यंत सोडू नका. ड्राफ्ट, बजेट, परदेशातला फंड हे सगळं त्याच्या मागून येतं.

माणूस कोण, आणि तो काय काम करतो

"शेतकऱ्याची व्यथा मांडायची आहे" असं कुणी म्हटलं की मी विचारते, त्याचं शेत कुठल्या गावात आहे? ऊस आहे की भात? ऊस असेल तर तो कारखान्याला जातो की गुऱ्हाळाला? व्यथा मांडता येत नाही. माणूस मांडता येतो, आणि माणूस कळतो तो त्याच्या कामातून.

याच कोल्हापुरात १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सगळीकडे पौराणिक चित्रपटांचा जोर असताना इथल्या माणसांना एका साध्या शेतकऱ्याचं घर जाणं पडद्यावर आणावंसं वाटलं. आपल्या गावात या कामाला शंभर वर्षांची परंपरा आहे, हे मी नव्या मुलांना अभिमानाने सांगते.

आता चालू काळातलं एक उदाहरण. लिहिणाऱ्या मुलीची परवानगी घेऊन सांगते. कागलकडची ही मुलगी गुऱ्हाळावरची गोष्ट घेऊन आली. पहिल्या ड्राफ्टमध्ये कर्ज होतं, आजारी बाप होता, शहरात गेलेला मुलगा होता. यातलं काहीच खोटं नव्हतं, पण ही गोष्ट कुठल्याही जिल्ह्यात नेऊन ठेवता आली असती. मी तिला म्हटलं, हंगाम सुरू झालाय, आधी गुऱ्हाळावर जाऊन बस. पहिले काही दिवस वही काढू नकोस.

ती जाऊन बसली. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत पडतो, खालच्या चुलवाणात उसाचं वाळलेलं चिपाड सारतात, उकळी फुटली की मळी वर येते, भेंडीचा रस घालून ती काढतात. पुढं सगळा खेळ गुळव्याच्या, म्हणजे गूळ बनवणाऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेचा. पाकाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी वळते, यावरून तो सांगतो की काहील आता उतरवायची. थोडी आधी उतरली तर गूळ घट्ट बसत नाही. थोडी उशिरा उतरली तर करपट, काळसर होतो आणि मार्केट यार्डात भाव पडतो. म्हणजे साऱ्या गुऱ्हाळाचा दिवस एका माणसाच्या दोन डोळ्यांवर उभा.

परत आली तेव्हा तिच्याकडे फिल्म होती. गुळव्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. त्याने ते मालकापासून लपवलंय. चुलवाणापाशी चिपाड सारणारी त्याची सून त्याला हळूच रंग सांगते. एकेक काहील उतरते तशी सून गुळवी होत जाते, आणि ते सासऱ्याच्याही लक्षात येतं. कर्ज अजूनही गोष्टीत आहे, पण ते आता एका संवादात येऊन जातं.

तुमच्या गोष्टीला हीच कसोटी लावा. पात्राचं काम काढून तिथं दुसरं काम घातलं आणि गोष्ट तशीच चालली, तर काम अजून गोष्टीत शिरलेलं नाही.

कुस्तीची गोष्ट तर माझ्याकडे सारखी येते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, तालमी, दूध-बदाम, हरलेला बाप आणि जिंकणारी पोर. त्यातली एकच मनात घर करून राहिली आहे. तिचा नायक पैलवान नाहीच. तालमीतली माती सांभाळणारा म्हातारा आहे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून तो हौद मळतो आणि त्याच तालमीत आता मॅट येणार आहे. लिहिणारा मुलगा अजून दुसऱ्या ड्राफ्टवर अडलाय, कारण मॅट आणणाऱ्या वस्तादालाही त्याचं बरोबर कारण द्यायला हवं. मुलांना स्पर्धा मॅटवर खेळायच्या आहेत, मग त्यांनी मातीतच का राबायचं? हे कारण म्हाताऱ्याच्या प्रेमाइतकंच खरं वाटलं पाहिजे. तिथवर तो पोचेल, माझी खात्री आहे.

बसणं, बघणं, लिहून घेणं

ज्यांच्यावर लिहिणार त्यांच्यात जाऊन बसण्याला पर्याय नाही. रेकॉर्डर आधी काढू नका. फोन समोर आला की माणसं मुलाखतीचं बोलायला लागतात. घरी आल्यावर मात्र त्याच रात्री लिहून काढा. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. पगार रोजावर मिळतो, नगावर की उचल घेतलेली असते. दुपारी कोण कुणाच्या डब्यात हात घालतं, आणि कोण घालत नाही. शेवटचं मुद्दाम बघा. जात आपल्याकडे बोलण्यापेक्षा डब्यात, पाण्याच्या तांब्यात आणि बसायच्या जागेत जास्त दिसते.

कामाची वेळ लिहा, हत्यारं लिहा, हातांना काय इजा होते ते लिहा. चप्पल शिवणाऱ्याचा अंगठा, यंत्रमागावरच्या माणसाचे कान. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं खुणांनी बोलतात. हे कळलं की तुमचे अर्धे संवाद आपोआप गळतील आणि सीन चांगले होतील.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण बाहेरच्या सिनेमाने आपल्या बोलीचं फार नुकसान केलंय. कोल्हापूरचं पात्र म्हटलं की दर वाक्याला 'नाद खुळा' आणि 'भावा'. माणसं असं बोलत नाहीत. चंदगडची बोली करवीरसारखी नाही. गडहिंग्लज आणि शिरोळच्या बाजूला कानडी सहज मिसळते. शहरातही पेठेतला म्हातारा आणि राजारामपुरीतला कॉलेजचा मुलगा वेगळं बोलतात. आपल्याकडे कितीतरी बायका-मुली स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. मीसुद्धा घरात तसंच बोलते. एका पटकथेत बाहेरच्या सल्लागाराने हे सगळं चूक समजून 'आले-जाते' करून टाकलं होतं. ती मुलगी रडवेली होऊन आली. आम्ही दोघींनी बसून एकेक क्रियापद परत आणलं. तुमच्या आईचं, आजीचं बोलणं कुणी सुधारायला लागलं तर सुधारू देऊ नका.

गोष्टीला घड्याळ द्या

कमी पैशांच्या फिल्मला मुदत फार उपयोगी पडते. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी बोलणारी ती फिल्म वडिलांच्या मृत्यूनंतर गावी आलेल्या मुलाच्या दहा दिवसांच्या सुतकाभोवती उभी आहे. दहा दिवस, एक गाव, घरात जमलेले नातेवाईक आणि पाळायचे नियम. चौकट आयती असल्यामुळे आत नात्याकडे निवांत बघता येतं.

आपल्याकडे अशी घड्याळं जागोजागी आहेत. गुऱ्हाळाचा हंगाम. जोतिबाची चैत्र यात्रा. उसाला तोड मिळेपर्यंतची वाट. आणि पंचगंगेचं पाणी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. शिरोळ तालुक्यातल्या एका शिक्षकाने २०१९ च्या पुरावर लिहिलेली पटकथा याच आकड्यांवर चढत जाते. सीनच्या वर ठिकाणाऐवजी पाण्याची पातळी लिहिली आहे. घरातला थोरला भाऊ म्हैस सोडून जायला तयार नाही, धाकटा ट्रॅक्टर घेऊन दारात उभा आहे, आणि दर दोन सीनला आकडा वाढतो. वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

अशा गोष्टीत लेखकाला खलनायक शोधावा लागत नाही. उलट कुणी खलनायक घातला तर मी काढायला लावते.

कुठले कागद लागतात

हे पटकन सांगते, कारण यात गूढ काही नाही.

आधी एका वाक्यात गोष्ट: कोण, त्याला काय हवंय, काय आड येतंय, मुदत किती. मग एक पानाचा सारांश, शेवटासकट. शेवट लपवू नका. वाचणाऱ्याला कोडं घालायचं नसतं. मग आठ-दहा पानांची ट्रीटमेंट, म्हणजे सगळी गोष्ट सविस्तर, वर्तमानकाळात, कॅमेऱ्याचा उल्लेख न करता. त्यानंतर पटकथा. सोबत दिग्दर्शकाचं टिपण, आणि पुढे अंदाजपत्रक. शूटिंग जवळ आलं की वन-लाइन, म्हणजे प्रत्येक सीन एका ओळीत, ठिकाण आणि वेळेसह.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवर बसवलेला आहे. देवनागरीत तो तसाच लागू होईल असं धरू नका. घड्याळ लावून मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ द्या, मग लांबी कळते.

दिग्दर्शकाच्या टिपणात बहुतेक मुलं समाजाबद्दल लिहितात. ते नको. तुम्ही या गोष्टीला कुठून भेटलात, ती कशी दिसेल, कशी ऐकू येईल, ते लिहा. गुऱ्हाळाच्या मुलीने लिहिलंय की सासऱ्याच्या बाजूने बघताना कडा धूसर दिसतील आणि सुनेच्या बाजूने बघताना पाकातला प्रत्येक बुडबुडा स्वच्छ. दोन वाक्यांत अख्ख्या फिल्मची नजर ठरली. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. आपल्या चित्रपटांसाठी पात्रं, वेशभूषा, हालचाली ते आधी रेखाटून घ्यायचे. तुम्हाला चित्र काढता येत नसेल तर ठिकाणाचे फोटो काढा, घरातल्या जुन्या साड्यांचे रंग गोळा करा. इंटरनेटवरून परदेशी फिल्मचे फोटो उचलून चिकटवू नका. त्यातून तुमची फिल्म दिसत नाही.

वाचन

पहिला ड्राफ्ट मित्रांना फोनवर पाठवून "कसा वाटला?" विचारणं म्हणजे वाचन नव्हे. माणसं एकत्र बसवा. कोल्हापुरात राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणारी, नोकरी सांभाळून तालमी करणारी इतकी चांगली नट मंडळी आहेत की भूमिका वाचायला कुणी मिळत नाही असं होतच नाही. त्यांना चहा-पोहे द्या, प्रती छापून द्या आणि नंतर नाव घालून आभार माना.

लेखकाने स्वतः वाचायचं नाही. गप्प बसायचं आणि माणसांकडे बघायचं. पानावरून नजर कुठं उठते, कुठं कुणी खुर्चीत सरकतं, कुठं हसू येतं पण यायला नको होतं, ते समासात टिपा. वाचन झाल्याबरोबर मतं विचारू नका. दोन दिवसांनी एकेकाला फोन करून म्हणा, गोष्ट मला सांगा. सांगताना ते जे विसरतील ते बहुधा पटकथेत जास्तीचं आहे. जे चुकीचं सांगतील ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही. आणि जिथं आवाज चढेल, तिथं तुमची फिल्म आहे.

ज्यांच्या कामावर गोष्ट आहे त्यांच्यातलं एक तरी माणूस वाचनाला असू द्या. गुऱ्हाळाच्या वाचनाला एक म्हातारे गुळवी आले होते. संबंध वेळ मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "सुनेला रंग कळंल, पण वास कळायला चार हंगाम लागतील की." या वाक्याने तिसरा अंक बदलला. सून आता रंगावरून काहील बरोबर उतरवते, पण एक दिवस वासात चुकते, आणि सासरा न बघता बोलतो.

कागदावर खर्च कापा

इथं माझा जुना धंदा कामाला येतो. पटकथा हातात घेऊन पाच रंगांच्या पेन्सिली काढा. रात्रीचे सीन, गर्दी, मुलं, जनावरं, आणि प्रवास करून जायची ठिकाणं. ज्या पानावर तीन-तीन रंग दिसतात तिथं पैसा जळणार आहे. दर वेळी विचारा, हे गेलं तर गोष्टीचं काय जाईल?

पूर हे सगळ्यात मोठं उदाहरण. खरा पूर चित्रित करणं धोक्याचं, खोटा उभा करणं आपल्या आवाक्याबाहेरचं. त्या शिक्षकाने फार सुंदर मार्ग काढला. पाणी चढतानाचा काळ घराच्या आतून, रेडिओ, फोन आणि उंबऱ्यापर्यंत आलेल्या पाण्यावर. मग एकदम पाणी ओसरल्यावरचं घर. भिंतीवर छातीएवढ्या उंचीची ओली रेघ, कपाटात फुगलेल्या वह्या, अंगणभर गाळ. ज्यांनी २०१९ आणि २०२१ पाहिलंय त्यांना त्या रेघेपुढं काही सांगावं लागत नाही.

मुलांचे सीन असतील तर नियम आधी वाचा. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या मानधनाचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. हे मनापासून पाळायचे नियम आहेत, परवानगीपुरते नव्हेत. तुमची नायिका नऊ वर्षांची असेल तर शेड्यूल पाच तासांच्या दिवसावर लावा, म्हणजे शूटिंगचे दिवस वाढतील हे आजच कळेल.

जनावरांसाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची परवानगी आधी घ्यावी लागते. तिच्याशिवाय पुढं सेन्सॉरला अडतं. दारात नुसती बांधलेली म्हैस दिसणार असेल तरी चौकशी करा. पुराच्या पटकथेतली म्हैस काढायची का, यावर आमचा बराच वाद झाला. म्हैस राहिली. ती गेली असती तर थोरल्याचं घर न सोडणंच गेलं असतं. तिच्याऐवजी लग्नाची वरात कापली, बाजाराचा सीन कापला.

ठिकाणांबाबत माझं मत असं की मोरेवाडीच्या चित्रनगरीत जे मिळतं त्याची चौकशी जरूर करा, विशेषतः ज्या आतल्या सीनना आवाजावर ताबा हवा त्यांच्यासाठी. पण घर, गुऱ्हाळ, तालीम खरीच घ्या. खऱ्या जागेच्या मालकाशी भाडं, वीज, दिवस आणि नुकसानभरपाई हे सगळं लिहून ठेवा, ओळखीचा असला तरी. ओळखीचा असेल तर आधी लिहा.

हक्क लेखी ठेवा

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. म्हणून चार लोकांना सांगण्याआधी लिहा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथेची ऑनलाइन नोंदणी करता येते. कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृती म्हणून नोंद होते.

निर्माता मिळाला की आनंदाच्या भरात सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ एकदा शांतपणे वाचा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत की ते तुमच्याकडे परत येतात. म्हणूनच 'वेगळं काही' म्हणणारं कलम शोधा, ते बहुतेक करारांत असतंच. २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाच्या रॉयल्टीच्या वाट्यालाही संरक्षण दिलं आहे. वकिलाला दाखवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

जुन्या मराठी कथेवर फिल्म करायची असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लिखाण २०२१ पासून खुलं झालं. त्यानंतर वारलेल्यांसाठी हाच हिशेब करा; साठ वर्षं झालेली नसतील तर वारसांना भेटावं लागतं. आणि जिवंत माणसाच्या आयुष्यावर लिहीत असाल तर कायदा काहीही म्हणो, त्यांच्या घरी जा, मराठीत साधं संमतिपत्र करा, वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

फिल्मच्या नावाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात होते. महामंडळ कोल्हापूरचंच, चौकशीला मुंबई गाठायची गरज नाही.

पैसा कुठून

लिहिण्याच्या काळात लेखकाचं घर कसं चालणार, हा पहिला आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. 'कोर्ट' ही फिल्म लिहिताना तिचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना अभिनेते-निर्माते विवेक गोम्बर यांनी दरमहा ठरावीक रक्कम दिली, म्हणून ते लिहू शकले. पुढे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाने पटकथेच्या टप्प्यावर मदत केली. २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या फिल्मने ओरिझाँती विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळवला. गावातला एखादा डॉक्टर, व्यापारी, शाळेतला जुना मित्र फिल्मसाठी पैसे द्यायला तयार असेल तर सगळी रक्कम शूटिंगसाठी राखू नका. त्यातलं थोडं आज, लिहिण्यासाठी मागा. लाजू नका. लिहिणं हेही काम आहे.

एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथालेखकांसाठीची स्क्रीनरायटर्स लॅब आणि २००७ पासून गोव्यात भरणारा फिल्म बाजार ही आपल्यासाठी सगळ्यात जवळची दारं. बाजारात कागदावरच्या प्रकल्पांना सहनिर्माते शोधण्यासाठी को-प्रॉडक्शन मार्केट असतं, अर्धवट झालेल्या फिल्मसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब. अर्जाच्या तारखा दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पैसे घेऊन "तुमची फिल्म महोत्सवात लावून देतो" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

परदेशी अर्ज इंग्रजीत लागतात. मराठी सारांशाचं वाक्याला वाक्य लावून भाषांतर करू नका. गोष्ट माहीत असलेल्या, इंग्रजी चांगलं असलेल्या माणसाला समोर बसवा, तोंडी सांगा आणि त्याला नव्याने लिहू द्या. काहील काहीलच राहू द्या, गुळवी गुळवीच. आगीवर मोठी कढई आहे आणि एक म्हातारा तिच्यावर वाकलाय, एवढं कळलं की वाचणारा शब्द शिकतो.

राज्य सरकारचं अनुदान पूर्ण झालेल्या फिल्मचं परीक्षण होऊन मिळतं. शूटिंगच्या अंदाजपत्रकात ते जमेला धरू नका. अनुदान येणार म्हणून व्याजाने पैसे काढलेली घरं मी पाहिली आहेत.

हंगाम बघून तारीख

फिल्म बाजार नोव्हेंबरात असतो आणि गुऱ्हाळंही त्याच सुमारास पेटलेली असतात. म्हणून गुऱ्हाळाच्या मुलीला मी दोन वर्षांचं वेळापत्रक करून दिलंय. पहिल्या हंगामात रेकी, म्हणजे जागेची पाहणी, आवाजांचं रेकॉर्डिंग आणि सुनेच्या भूमिकेसाठी निवडलेल्या मुलीला चुलवाणावर प्रत्यक्ष काम करायला बसवणं. उन्हाळ्यात चौथा ड्राफ्ट. पावसाळ्यात अर्ज, कारण तेव्हा सगळं बंद असतं आणि डोकं शांत असतं. नोव्हेंबरात गोवा. पैसे जमले तर जानेवारीत शूटिंग, तेव्हा गुऱ्हाळाचा मालक हंगामाच्या घाईत असतो, म्हणून त्याच्याशी आत्ताच ठरवून ठेवायचं की आपण आलो तरी त्याची एकही काहील थांबणार नाही. पैसे नाही जमले तर पुढचा हंगाम. या जानेवारीला तिने मालकाला लेखी कळवलंय आणि त्याने दुपारी एक ते चार ही वेळ दिली आहे. त्या तीन तासांत उजेड कुठल्या बाजूने येतो, ते बघायला आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.